झाकण उडवण्याची गोष्ट

आमच्या घरात एकच डेस्कटॉप आहे. २०१८ च्या पाडव्याला बोनसच्या पैशांतून घेतला तेव्हा तो माझा होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बायकोने घरून इंटिरियरची कामं घ्यायला सुरुवात केली आणि तो हळूहळू तिचा झाला. म्हणजे आधी तिच्या फाइल्स आल्या, मग तिची खुर्ची आली, मग एके दिवशी माझा पासवर्ड बदलला. थोडक्यात काय, तर आज त्या मशीनवर तिचं पोट आहे आणि माझी फक्त हौस. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रोसेसर आहे इंटेलचा, आठव्या पिढीतला, सहा कोअरवाला, नावापुढे ‘के’ असलेला. ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉक करायची मुभा. आता मुभा आहे म्हटल्यावर आम्ही कशाला सोडतोय! मी तो पहिल्याच महिन्यात सगळ्या कोअर्सवर ४.८ गिगाहर्ट्झला नेऊन ठेवला होता. तेव्हा खोलीत एसी होता आणि कामही फारसं नव्हतं. या एप्रिलमध्ये दोन्ही उलट झालं. एसीविना खोली, दुपारचे दोन आणि बायकोचं अडीच तासांचं रेंडर. पंखा असा घोंघावायचा की शेजारच्यांना वाटावं, यांनी पाण्याची मोटर घरात बसवली आहे. तापमान बघितलं तर ९८. शंभरला हा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. म्हणजे ओव्हरक्लॉक करून मिळवायचं आणि तापून घालवायचं.

“मग स्पीड कमी कर ना,” बायको म्हणाली.

मी “बघतो” म्हटलं. नवऱ्याच्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे काय, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

धूळ काढली, कूलरखालची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. ९८ चे ९४ झाले. तुम्ही म्हणाल, एवढं पुरे की. पण आता माझ्या डोक्यात भलताच किडा वळवळायला लागला होता. डिलिडिंग! म्हणजे प्रोसेसरचं झाकण उडवायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण ज्याला प्रोसेसर म्हणून हातात धरतो तो वरचा चकचकीत चौकोन म्हणजे नुसतं झाकण असतं, तांब्याचं, वरून निकेलचा मुलामा दिलेलं. खरी सिलिकॉनची चिप त्याच्या आत, नखाएवढी. चिपची उष्णता आधी झाकणाला मिळते, झाकणाकडून कूलरला. चिप आणि झाकण यांच्यामध्ये काहीतरी भरावं लागतं, कारण दोन सपाट पृष्ठभाग आपल्याला कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात हवेचे कप्पे राहतात आणि हवा ही उष्णतेच्या बाबतीत एकदम आळशी. २०११ च्या सँडी ब्रिजपर्यंत इंटेल तिथे डाग द्यायचं, म्हणजे सोल्डर वापरायचं. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तिथे थर्मल पेस्ट आली आणि २०१८ च्या अखेरीस नवव्या पिढीच्या वरच्या मॉडेल्समध्ये पुन्हा सोल्डर आलं. माझा मधल्या काळातला. ठरवून दिलेल्या वेगाने चालवला तर बिचाऱ्याची काहीच तक्रार नसते. तक्रार माझ्या ४.८ ची होती.

तर हौशी लोक काय करतात? झाकण उघडतात, आतली पेस्ट पुसतात आणि तिथे लिक्विड मेटल लावतात. हा गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा मिश्रधातू. दिसायला अगदी पाऱ्यासारखा, पण पारा नव्हे. खोलीच्या तापमानाला पातळच राहतो. उष्णता वाहून न्यायच्या मोजमापात साध्या पेस्टचा आकडा साधारण दहाच्या आतबाहेर असतो, तर मी आणलेल्या कंडक्टोनॉटचा आकडा कंपनी ७३ सांगते. एवढ्याशा एक ग्रॅमच्या सिरिंजला मी जे पैसे मोजले ते बायकोला सांगितलेले नाहीत, इथेही सांगत नाही.

यात दोन गोम आहेत. एक म्हणजे हा धातू असल्यामुळे त्यातून वीजही जाते. चुकीच्या जागी थेंब पडला की शॉर्ट सर्किट, खेळ खलास. दुसरी गंमत अॅल्युमिनियमची. गॅलियम अॅल्युमिनियमच्या वरचा ऑक्साइडचा पापुद्रा ओलांडून आत शिरला की धातूच्या कणाकणांमधले सांधे सोडवत जातो आणि मजबूत पत्रा बिस्किटासारखा मोडतो. मजा अशी की १८७१ साली मेंडेलीव्हने हे मूलद्रव्य सापडण्याआधीच भाकीत करून त्याला नाव दिलं होतं ‘एका-अॅल्युमिनियम’. त्यातलं ‘एका’ म्हणजे आपल्या संस्कृतमधलं ‘एक’, तक्त्यात अॅल्युमिनियमच्या खालचं पहिलं घर. १८७५ मध्ये ते सापडलं. म्हणजे घराणं एकच, आणि भाऊबंदकी ही अशी!

शुक्रवारी रात्री जेवताना विषय काढला.

“जमेल का तुला? आधी केलंयस कधी?”

“त्यात काय, दोन तासांचं काम आहे.”

“सोमवारी अकराला माझं क्लायंटकडे प्रेझेंटेशन आहे. शेवटचे दोन व्ह्यू रविवारी रेंडर करायचेत.”

“अगं, शनिवारी दुपारी होऊन जाईल.”

आधी केलंयस का, या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. तिच्याही आलं होतं.

शनिवारी डायनिंग टेबलावर पेपर अंथरला. मित्राकडून डिलिडिंगचं टूल आणलं होतं. त्यात प्रोसेसर ठेवायचा आणि स्क्रू पिळत जायचं, म्हणजे झाकण आडवं सरकतं आणि कडेचा काळा सिलिकॉनचा गोंद सुटतो. पूर्वी लोक हेच काम दाढीच्या ब्लेडने करायचे आणि खालची हिरवी पाटी कापून बसायचे. मी एकेक पाव फेरी पिळत होतो. काही होईना. आणखी पाव. आणखी पाव. आणि मग ‘कट्’ असा आवाज आला. झाकण सुटलं की पाटी मोडली, हे कळायला फार तर तीन सेकंद लागले असतील, पण त्या तीन सेकंदांत सोमवारचे अकरा मला स्वच्छ दिसले.

झाकण सुटलं होतं. हुश्श!

आत करडी पेस्ट आणि कडेने गोंदाची चौकट. जुन्या क्रेडिट कार्डाने अर्धा तास गोंद खरवडला. हे वाटतं तितकं फालतू काम नाही. गोंदाच्या जाडीमुळे झाकण चिपपासून किंचित वर उचललेलं असतं आणि ती फट पेस्टने भरलेली असते. गोंद गेला की झाकण खाली बसतं. पुढे जो फरक पडला त्याचं श्रेय एकट्या लिक्विड मेटलला नाही, या खरवडण्यालाही आहे.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुसली. आरसा! चिपशेजारच्या बारीक उघड्या काँटॅक्ट्सवर नेलपॉलिशचा थर दिला (बायकोचं, पारदर्शक, विचारून घेतलेलं) आणि ते वाळू दिलं. आता सिरिंज. सगळे सांगतात, टाचणीच्या डोक्याएवढाच थेंब. मी दट्ट्या दाबला. काही आलं नाही. जरा जोर लावला. तरी नाही. आणखी जरा जोर लावला आणि हरभऱ्याएवढा गोळा बदकन बाहेर आला. अर्धा चिपवर, अर्धा घरंगळत हिरव्या पाटीवर, आणि दोन-तीन बारीक चंदेरी मणी पेपरवरून टुणटुणत थेट माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे. त्याची बॉडी कशाची आहे? अॅल्युमिनियमची. तो मी तिथे कशाला ठेवला होता? व्हिडिओ बघायला.

लॅपटॉप उचलून सोफ्यावर फेकला. पाटीवरचा थेंब नेलपॉलिशवर थांबला होता. वीस रुपयांच्या नेलपॉलिशच्या थराने आमचा संसार वाचवला म्हणा ना. श्वास रोखून सिरिंजचं तोंड थेंबाला टेकवलं आणि दट्ट्या मागे ओढला. सुदैवाने तो जसा बाहेर आला तसाच आत गेला. उरलेला मागमूस अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला, टॉर्च मारून दहा वेळा बघितला.

त्यानंतरचं काम मात्र सुंदर आहे. चिपवर तो थेंब सुरुवातीला नुसता पळतो, अळवावरच्या पाण्यासारखा. कापसाच्या काडीने हळूहळू घासत राहायचं. मिनिटभर काहीच होत नाही आणि मग एकदम तो चिपला धरतो आणि पसरतो. इतका पातळ थर की चिपवर फक्त चमक वाढल्यासारखी वाटते. झाकणाच्या आतूनही तेवढ्याच भागावर तसाच थर. चार कोपऱ्यांवर सिलिकॉनचे चार ठिपके, झाकण बसवलं आणि रात्रभर दाबून ठेवलं. दोन तासांचं काम शनिवार संपला तरी चाललंच होतं. बायको एकदा येऊन बघून गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी सात वाजता सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

पुन्हा दाबलं. काळी.

मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले रोज कितीतरी गोष्टी मोडतो. पण मोडलेलं परत मिळतं. मागची आवृत्ती असते, बॅकअप असतो, निदान अंडू असतो. मला वाटायचं की मी बेधडक माणूस आहे. त्या सकाळी कळलं, मी बेधडक नाही, फक्त माझ्या चुकांची किंमत दुसरंच कोणीतरी आधी भरून ठेवलेली असते. इथे तसं काही नव्हतं. एक काळी स्क्रीन होती आणि ज्या खुर्चीवर मी बसलो होतो ती माझी नव्हती.

वीस मिनिटांनी कळलं, कूलर काढताना बाजूला घेतलेली रॅमची एक पट्टी नीट बसलीच नव्हती. दाबल्यावर ‘टक्’ झालं आणि स्क्रीन उजळली.

तेच रेंडर, तेच ४.८, तीच खोली. ९४ वरून ७७. सतरा अंश! पंख्याचा आवाज निम्मा. आणि वेळ? आधी २ तास ४० मिनिटं, आता २ तास ३१. म्हणजे दीड दिवस जीव टांगणीला लावून नऊ मिनिटं कमावली. मी तरीही लहान मुलासारखा तिला बोलावून आकडे दाखवले.

“छान,” ती म्हणाली. “आणि नसता चालू झाला तर?”

मला उत्तर आलं नाही. ऑफिसात प्रत्येक रिलीजच्या आधी ‘रोलबॅक प्लॅन काय?’ हा प्रश्न टीमला विचारणारा मनुष्य मीच. ज्युनियर मुलं वैतागतात इतक्या वेळा विचारतो.

“मी शुक्रवारीच मैत्रिणीचा लॅपटॉप मागून ठेवलाय,” ती म्हणाली. “बेडरूममध्ये आहे. फाइल्स पण कॉपी केल्यात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू तरी कुठे सांगितलंस, पहिल्यांदाच करतोयस म्हणून?”

असो. कोणाला करून बघायचं असेल तर माझं एवढंच सांगणं: थेंब वाटतो त्याहून लहान घ्या, नेलपॉलिश विसरू नका, अॅल्युमिनियम खोलीबाहेर ठेवा. आणि मशीन दुसऱ्याच्या पोटाचं असेल तर आधी त्याला खरं सांगा, मग स्क्रू पिळा.

संध्याकाळी लॅपटॉप परत करायला निघताना तिने सहज विचारलं, “आता स्पीड थोडा कमी केलास तर पंखा अजून शांत होईल ना?”

होईल.

केला.