विजेच्या सायकलवरून सिंहगड

आमचे नाना दर रविवारी पहाटे सायकलवरून निघत, आतकरवाडीत एका ओळखीच्या अंगणात सायकल ठेवीत आणि पायवाटेने सिंहगड चढून अकराच्या आत घरी परत येत. हा नेम त्यांनी साठीपर्यंत चालवला. मीही पोरवयात बरोबर असे. घरी आल्यावर किती वेळ लागला हे ते कधी विचारीत नसत, विचारीत ते एवढेच, "दम कुठे लागला?"

गेल्या साली नाना गेले. त्याआधीच, सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझ्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला होता. "सायकल चालवा, पण गड पायी उतरू नका," असे डॉक्टरांनी बजावले. वर्षश्राद्धापूर्वी एकदा गडावर जावे, तेही मोटारीत बसून नव्हे, असे मनाने घेतले होते. तेव्हा माझा भाचा म्हणाला, "मामा, माझी इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेऊन बघ."

"म्हणजे विजेवर चालणारी फटफटीच की!" मी म्हणालो.

"नाही रे. तू पॅडल मारलंस तरच ती मदत करते. तू थांबलास की तीही थांबते."

खरेच तसे आहे. पॅडलच्या कण्यापाशी मोटर, आडव्याखालच्या नळीत बॅटरी. पाय किती जोर लावतो ते यंत्र ओळखते आणि त्या मानाने हात देते. आपल्या कायद्याप्रमाणे 250 वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल, तर अशी सायकल मोटार वाहनात मोडत नाही. वजन मात्र चोवीस किलो. जिन्यावरून उचलताना आमच्या मंडळींनी जो कटाक्ष टाकला, तो अजून आठवतो.

आदल्या संध्याकाळी भाच्याने माझी शिकवणी घेतली. सीट किती उंच? टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, की उंची बरोबर. माझे गुडघे निम्मे या एका गोष्टीने वाचले. मग मी सायकलवर बसलो आणि पुढचा शॉकॲब्सॉर्बर किती दबतो ते त्याने पाहिले. एकूण हालचालीच्या पाव हिस्सा दबावा. कमी दबला तर हातांना हादरे, जास्त दबला तर खड्ड्यात आपटणार. टायरात हवा डांबरासाठी जरा जास्त, दगडमातीसाठी कमी. पिशवीत ट्यूब, पंप, षट्कोनी किल्ल्यांचा जुडगा, पाणी. डोक्याला हेल्मेट, हाताला मोजे.

"आणि मामा, डोणज्यापर्यंत 'इको'वरच राहा हं!"

वाचकहो, मास्तरांना सूचना ऐकवत नाहीत. पहाटेचा गार वारा, मोकळा रस्ता. मी बटण दाबून थेट 'टर्बो' लावला. खडकवासल्याचे पाणी उजाडताना डोळे भरून पाहिले, आणि गोळेवाडीला पोहोचलो तेव्हा अंगाला घाम नव्हता. मनात म्हटले, नाना, पाहताय ना!

बॅटरीकडे मात्र मी पाहिले नव्हते. हिशेब सोपा होता. स्वार, सायकल, पिशवी मिळून शंभर किलो. घाटाची चढण सहाशे मीटर धरली, तर एवढे ओझे वर न्यायलाच सुमारे 164 वॅट-तास लागतात. मोटरीत आणि साखळीत वाया जाते ते निराळे. माझी बॅटरी 500 वॅट-तासांची होती, पण तिच्यातले बहुतेक मी सपाटीवर उधळले होते. शेवटची तीन वळणे उरली आणि गाडी अंगावर आली. दिवा विझला.

मी उतरून ढकलू लागलो. गुडघा ठणकला. भाचा मागे वळला. "मामा, ढकलू नकोस. मागची सर्वांत मोठी चकती घे. बसूनच राहा, अंग पुढे झुकव, पाय हलके आणि भरभर फिरव. गिअर बदलताना क्षणभर जोर सोड, नाहीतर साखळी तुटेल."

चालण्याच्या वेगाने, पण सायकलवर बसून, मी वर गेलो. छाती भात्यासारखी चालली होती. दोनदा थांबलो, तिसऱ्यांदा नाही.

वर पिठले, भाकरी, मडक्यातले दही झाले. 4 फेब्रुवारी 1670 च्या त्या रात्री जो पडला, त्या तानाजीच्या समाधीपाशी जरा बसलो. समोर राजगड आणि तोरणा नानांनी बोटाने दाखवले होते तिथेच होते.

उतार हीच खरी परीक्षा. जड गाडी वेग लवकर घेते. दोन्ही पॅडल समपातळीत ठेवून किंचित उभे राहायचे, बूड मागे न्यायचे, आणि वळण येण्याआधीच दोन्ही ब्रेक मिळून थोडेथोडे दाबायचे. सतत धरून ठेवले की चकत्या तापतात. पायवाटेवर मात्र सायकल घालू नये. ती पायांची वाट आहे.

घरी आल्यावर बॅटरी थंड होऊ दिली, मग चार्जिंगला लावली. गाडी ओल्या फडक्याने पुसली. मोटरीवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नसतो. त्यानंतर दोनदा जाऊन आलो, सपाटीला 'इको', घाटात मधली पायरी; दोन्ही वेळा बॅटरी शिल्लक राहिली.

पण आठवते ती पहिलीच खेप. नानांनी विचारले असते, "दम कुठे लागला?" मला उत्तर देता आले असते. शेवटच्या तीन वळणांवर, नाना.