उघडी वायर

आमचे अण्णा गाड्यांचे वायरमन. इंदिरानगरात, वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचा एक गाळा आहे. शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेचं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, इंग्रजी काही दिसलं की, "तिला दाखवा, ती कॉलेजात जाते," असं ठरलेलं. कॉलेजात मी मराठी शिकते, हे सांगून काही उपयोग होत नाही.

गेल्या पावसाळ्यात गाळ्यावर एक जुनी, परदेशी बनावटीची गाडी आली. तिचं वैशिष्ट्य असं की तिची चारही चाकं वळतात. आपल्या नेहमीच्या गाडीची फक्त पुढची चाकं वळतात आणि मागची फरफटत आतून येतात. निफाडकडे उसाची ट्रॉली वळताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. या गाडीची मागची चाकं मात्र हळू चालताना पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात, म्हणून ती अरुंद जागेतही चटकन फिरते. वेगात असली की तीच चाकं किंचित पुढच्यांच्याच दिशेला कलतात आणि गाडी स्थिर राहते. ही कल्पना काही आजची नव्हे. १९८७ साली होंडाने प्रिल्यूड नावाच्या गाडीत ती आणली, तेव्हा पुढून मागे एक दांडाच गेलेला होता. सेन्सर वगैरे काही नव्हतं. पुढे १९९१ च्या नव्या प्रिल्यूडमध्ये दांडा गेला. वायरी, सेन्सर आणि संगणक आले.

आमच्याकडे आलेली गाडी अशाच वायरींची. मागच्या चाकांचा कोन मोजायला तिच्यात एक सोडून दोन सेन्सर आहेत. संगणक दोघांचं म्हणणं ताडून पाहतो. जुळलं नाही तर तो कुणाचंच ऐकत नाही. मागची चाकं सरळ धरून ठेवतो आणि समोर दिवा लावतो. मला ही व्यवस्था फार आवडली. आमच्या चाळीतल्या भांडणांनाही ती लावावी, असं वाटून गेलं.

तर तो दिवा लागला होता. गाडी जुनी, त्यामुळे अण्णांचा स्कॅनर तिला लागेना. दोन तारा जोडल्या की दिवा लुकलुकतो आणि ते लुकलुकणं मोजायचं: लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. आकडा मिळाला. गाडीच्या मालकांनी मॅन्युअल मोबाइलवर पाठवलं होतं. ते अर्थात माझ्यापुढे आलं.

त्या आठवड्यात वर्गात भाषाशुद्धीवर तास झाले होते. भगूर इथून काही फार लांब नाही. तिथे जन्मलेल्या सावरकरांनी 'महापौर', 'चित्रपट' असे शब्द दिले, हे ऐकून मी भारावले होते. घरात सेन्सरला 'संवेदक' म्हणू लागले होते. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की मागच्या दुय्यम सेन्सरच्या वायरीत 'ओपन' आहे का पाहा. असेल तर वायर दुरुस्त करा, नसेल तर सेन्सर बदला. मी ऐटीत सांगितलं, "अण्णा, वायर उघडी आहे का बघा. उघडी नसेल तर संवेदक बदला."

अण्णांनी मागची सगळी टेप सोडली. दोन तास आडवे पडून वायर बोटाने चाचपत गेले. कुठेही उघडी नव्हती. मीटर त्यांच्या हाताशीच होता. पण लेक पुस्तकात बघून सांगते आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या सवयीला गप्प बसवलं, असं मला आता वाटतं. कुर्ल्याच्या बाजारातून जुना सेन्सर मागवला. नऊ हजार रुपये. त्यात गाळ्याच्या भाड्याचे पैसेही गेले.

सेन्सर बसवला. अण्णा बोगद्यापर्यंत चक्कर मारून आले. दिवा तसाच.

त्या रात्री जेवताना ते काही बोलले नाहीत. आईने भाकरी वाढली तर नको म्हणाले. मी मोबाइल घेऊन तेच पान पुन्हा वाचू लागले, या वेळी मोठ्याने आणि इंग्रजीतच. शब्दांचे उच्चारही धड येत नव्हते. 'ओपन' शब्दाशी आले आणि अण्णांनी हात थांबवला.

"काय म्हणालीस?"

"ओपन इन द वायर."

"अगं, ओपन म्हणजे तुटलेली! आतून तुटलेली. उघडी कुठे म्हणतात?"

मला वाटे, असे शब्द अण्णांना मराठीत करून द्यायला हवेत. तो शब्द त्यांच्याकडे तीस वर्षांपासून होता; माझ्याकडेच नव्हता.

सकाळी आम्ही दोघं गाळ्यावर गेलो. मीटरचं एक टोक संगणकापाशी, एक सेन्सरच्या सॉकेटपाशी. मीटर वाजला, म्हणजे वायर सलग. अण्णा म्हणाले, "हलव." मी मागच्या चाकाच्या वरची वायर हलवली, आवाज थांबला. सोडली, पुन्हा वाजला. चाक वळताना वायर तिथेच दुमडत होती. अण्णांनी ब्लेडने वरचं कव्हर चिरलं. बाहेरून ती नव्यासारखी होती. आत तांब्याचा हिरवा चुरा. तेवढा वीतभर तुकडा काढून नवा जोडला. दिवा विझला. जुना सेन्सर परत लावून पाहिला, तरी दिवा लागला नाही.

मालकांकडून अण्णांनी सहाशे रुपये घेतले. सेन्सरचं नावही काढलं नाही. मी रडवेली होऊन म्हटलं, "त्यांना सांगा ना, चूक माझी होती." तर म्हणाले, "गाळ्यावर पाटी माझ्या नावाची आहे." कुर्ल्याच्या दुकानदाराने माल परत घेतला नाही, इलेक्ट्रिकल माल कुणीच घेत नाही. भाडं पुढच्या महिन्यात दोनदा भरलं.

तो सेन्सर अजून फळीवर आहे, सप्तशृंगीच्या फोटोच्या बाजूला. मागच्या आठवड्यात अण्णांनी पुन्हा एक मॅन्युअल माझ्याकडे दिलं. मला हात लावायचा धीर होईना. ते हात पुसत शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "वाच. जसं लिहिलंय तसं वाच. मराठी मी करतो."