तुमचं इंग्रजी छान आहे, पण...

शाळेत कुणी नवे पाहुणे आले, माझा मराठीचा तास बघितला, की चहा पिताना एक वाक्य ठरलेलं असतं. "सर, तुमचं मराठी किती स्वच्छ आहे हो! वाटतच नाही." पुढचं ते बोलत नाहीत. काय वाटत नाही, ते मला कळतं. हा लेख वाचणाऱ्या अनेकांनाही ते कळेल.

मी लातूर जिल्ह्यातला. आजोबा-पणजोबा इथल्याच काळ्या मातीत गेले. घरात दखनी बोलतो, आणि या दखनीतला 'नको' मराठीतूनच आलेला आहे. तरी माझ्या मराठीचं कौतुक व्हायचं ते एखाद्या परदेशी माणसाच्या मराठीचं व्हावं तसं.

हेच वाक्य मी दोन वर्षं ओमानमध्ये ऐकलं, फक्त भाषा बदलून. तिथं ते इंग्रजीबद्दल होतं. त्या दोन वर्षांबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो, कारण त्यात माझीही एक चूक आहे. किंबहुना दोन.

2012 सालची गोष्ट. बी.ए. इंग्रजी, बी.एड. उर्दू आणि इंग्रजी अध्यापन पद्धती घेऊन केलेलं, आणि नोकरी विनाअनुदानित उर्दू शाळेत. महिना चार हजार, तेही तीन-तीन महिन्यांनी. शिकवायला मराठी, इंग्रजी आणि जो शिक्षक आला नसेल त्याचा विषय. एका अनुदानित शाळेत जागा निघाली होती, पण तिथं सांगितलेला आकडा अब्बांचं टेलरिंगचं दुकान विकूनही भरला नसता. त्याच वेळी मुंबईच्या एका एजंटाकडून कळलं की मस्कतच्या एका खासगी भाषा संस्थेला इंग्रजीचे शिक्षक हवेत. अब्बा म्हणाले, "दो साल जा के आ. घर मैं देखतूँ."

कागदपत्रांनीच तीन महिने खाल्ले. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्राची विद्यापीठाकडून पडताळणी, मग मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा. माझ्या पदवीवर 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ' हे नाव आहे. मस्कतच्या व्यवस्थापकांनी ते एकदा वाचायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. "इंडिया, ओके," एवढंच म्हणाले.

ओमानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या संस्था इतक्या का चालतात, हे तिथं गेल्यावर समजलं. सुलतान काबूस 1970 मध्ये गादीवर आले तेव्हा त्या देशात आधुनिक शाळा होत्या फक्त तीन. पहिलं विद्यापीठ 1986 मध्ये उघडलं. एका पिढीत त्यांनी गावोगावी शाळा नेल्या. पण सरकारी शाळा अरबीतून आणि कॉलेजचं बहुतेक शिक्षण इंग्रजीतून. बारावी झालेल्या मुलाला आधी पायाभूत वर्ष करावं लागतं आणि तिथं इंग्रजीच आडवं येतं. उर्दू माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या आपल्या मुलांची जी गत होते, तीच.

म्हणून आमच्या संस्थेत दिवसभर गर्दी. सकाळी बायकांची बॅच, दुपारी शाळकरी मुलं, संध्याकाळी नोकरी करणारे. आल्या आल्या चाचणी, मग पातळी ठरवून वर्ग. रुवीजवळ आम्ही चार शिक्षक एका फ्लॅटमध्ये राहायचो. खाली मल्याळी माणसाचं हॉटेल, पराठा आणि दुधाचा चहा. ओमानी रियालचे हजार बैसे होतात, आणि हा बैसा आपल्याच पैशाचा भाऊ. 1970 पर्यंत तिथं रुपयाच चालायचा, हे ऐकून तर परकेपणा निम्मा गेला.

माझा पगार 280 रियाल. तेव्हाच्या दरानं जवळपास 39 हजार रुपये. चार हजारवाल्या माणसाला ही लॉटरीच होती. पहिल्या महिन्यात घरी पैसे पाठवले आणि अम्मीनं मोहल्ल्यात पेढे वाटले.

दुसऱ्या महिन्यात कळलं की माझ्याच पातळीचे वर्ग घेणाऱ्या इंग्लंडच्या एका मुलीला 650 रियाल मिळतात. तिच्याकडे बी.एड. नव्हतं, चार आठवड्यांचा एक अभ्यासक्रम होता. खरं सांगायचं तर तिच्याकडून मी खूप शिकलो. ती स्वतः कमी बोलायची आणि मुलांना जास्त बोलायला लावायची. आमच्या बी.एड.ला पाठ टाचणाच्या वहीत हे सगळं लिहिलेलं होतं, प्रत्यक्ष होताना मी पहिल्यांदा पाहिलं. माझा राग तिच्यावर नव्हता. पण पगार शिकवण्याचा नव्हता, पासपोर्टचा होता.

एकदा एका मुलाचे वडील ऑफिसात आले. मी बाहेरच उभा होतो. ते म्हणाले, "तुमच्या या सरांचं इंग्रजी छान आहे, पण मी इंग्रजीचे पैसे भरतो, हिंदीचे नाही." दारावरच्या फलकावर एका गोऱ्या माणसाचा हसरा फोटो होता. असा कुणी माणूस आमच्याकडे शिकवत नव्हता. त्या वडिलांनी फोटो बघून फी भरली होती, त्यांचंही काय चुकलं?

त्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. ते स्वतः आपल्याच उपखंडातले. समजावणीच्या सुरात म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगा, शिक्षण लंडनला झालं. कोण तपासायला जातंय?"

ही माझी पहिली चूक. मी तसं सांगितलं. नव्या सकाळच्या बॅचला ओळख करून देताना 'लंडन' म्हणालो आणि लगेच फळ्याकडे वळलो. मनात हिशेब होता. बहिणीचं लग्न ठरलेलं, नोकरी गेली तर तिकिटाचे पैसे कुठून आणायचे?

त्या बॅचमध्ये चाळिशीच्या एक बाई होत्या. सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायच्या. बलुच होत्या. ग्वादर 1958 पर्यंत ओमानच्या ताब्यात होतं, त्यामुळे बलुच कुटुंबं मस्कतमध्ये पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना उर्दू समजतं, थोडं हिंदी सिनेमांमुळेही. मी अरबी बोलणाऱ्या मुलींचा 'प' घोटून घेत होतो. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पार्किंग'चं 'बार्किंग' होतं आणि गाडी लावायला गेलेला माणूस भुंकायला जातो. वर्ग हसत होता. तास संपल्यावर त्या बाई थांबल्या आणि उर्दूत म्हणाल्या, "उस्ताद, आप भी तो 'व्ही' और 'डब्ल्यू' एक जैसे बोलते हैं. हमारे दवाखाने के हिंदुस्तानी डॉक्टर भी ऐसे ही बोलते हैं. आप लंदन के नहीं."

मी गप्प. कान गरम झाले.

त्या पुढे म्हणाल्या, "हमारे घर की ज़बान अरबी नहीं थी. स्कूल में सब हमारी अरबी पर हँसते थे. आप ने भी तो अंग्रेज़ी सीखी है ना, हमारी तरह? तो फिर छुपाते क्यों हैं?"

रात्रभर हा प्रश्न डोक्यात राहिला. इंग्रजी मला जन्मानं मिळालं नव्हतं. लातूरच्या एका खोलीत, शिलाई मशीनच्या आवाजात, चुकत चुकत मी ते शिकलो होतो. समोरच्या बाईंना नेमकं तेच करायचं होतं. ज्या वाटेनं मी आलो ती त्यांना दाखवायची सोडून मी ती लपवत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "मी भारतातला आहे. उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी माझी चौथी भाषा आहे." टाळ्या वगैरे काही झालं नाही. आठवडाभरात दोघींनी बॅच बदलली, बाकीच्या राहिल्या. व्यवस्थापकांनी मला सकाळच्या वर्गातून काढून संध्याकाळच्या बॅचला टाकलं. दुकानात, गॅरेजमध्ये, बंदरावर काम करणारी माणसं. तिथं फोटोची अपेक्षा कुणालाच नव्हती.

आता दुसरी चूक. ही मस्कतची नाही, आपल्या गावातली आहे.

संध्याकाळच्या बॅचच्या वह्या तपासताना एक गोष्ट सारखी दिसायची. मुलं स्वर गाळायची. 'मार्केट' लिहायचं तर एम-आर-के-टी. आधी वाटलं, हलगर्जीपणा. मग लक्षात आलं, अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यायचे. त्यांचा हात चुकत नव्हता, पहिल्या लिपीची सवय पाळत होता. हे मला लगेच उमगलं कारण मी उर्दूचा शिक्षक. आपल्या उर्दूतही ज़ेर, ज़बर, पेश रोजच्या लिखाणात कुठं असतात? मी त्यांना स्वर वेगळ्या रंगात लिहायला लावले. दीड-दोन महिन्यांत फरक पडला.

आणि तिथंच, लाल पेन हातात असताना, लातूरच्या शाळेतली एक मुलगी आठवली. आठवीतली. निबंधात तिनं 'ती पुस्तक', 'तो घर', 'फळ'च्या जागी 'फल' असं लिहिलं होतं. वेलांट्या-उकार गाळलेले. मी वही वर्गासमोर उंच धरली आणि म्हणालो, "उर्दूवाल्यांचं मराठी असंच राहणार." वर्ग हसला. त्यानंतर त्या मुलीनं माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.

ती चुकली कुठं होती? 'किताब' उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून 'ती पुस्तक'. 'घर' उर्दूत पुल्लिंगी, म्हणून 'तो घर'. उर्दूत नपुंसकलिंग नाही. 'ळ' नाही. तिच्या प्रत्येक चुकीमागे तिला पक्कं येणारं काहीतरी होतं. ओमानी मुलांच्या चुकीचं कारण शोधायला मी रात्र जागवली, आणि माझ्याच मोहल्ल्यातल्या मुलीला मी एका वाक्यात निकालात काढलं होतं. 'तुमचं मराठी स्वच्छ आहे' म्हणणारे मला टोचायचे, पण तिला तर मी याहून वाईट बोललो होतो. तेही तिचा उस्ताद असून.

2014 मध्ये करार संपला. दुसऱ्या एका संस्थेनं 450 रियाल देऊ केले होते, पण जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं आणि ते मिळालं नाही. ही अट पुढे 2021 पासून सुटली, माझ्या उपयोगाची नव्हती. परत आलो. बहिणीचं लग्न झालं होतं, घराला स्लॅब पडला होता. जुन्याच शाळेत रुजू झालो. शाळेला पुढे टप्प्याटप्प्यानं अनुदान सुरू झालं, म्हणून आज हे लिहायला निवांत आहे.

आता मराठीचा पहिला तास मी चुकांचा घेतो. फळ्यावर दोन रकाने. डावीकडे 'ती पुस्तक', उजवीकडे 'वो किताब'. मुलांनाच विचारतो, सांगा, ही चूक कुठून आली? मुलं गुप्तहेरासारखी शोधतात आणि सापडली की ओरडतात. 'पानी'चं 'पाणी' करायला जीभ कुठं लावायची ते आरशात बघतात. वेलांट्या-उकार हिरव्या पेननं. चुका थांबल्या नाहीत, पण हात खाली जात नाहीत. त्या मुलीला मात्र मी पुन्हा भेटू शकलो नाही. घर बदलून ते लोक पुण्याकडे गेले असं ऐकलं. ती कुठं हे वाचत असेल तर, बेटी, माफ कर. मराठी तुझं कच्चं नव्हतं, माझं शिकवणं कच्चं होतं.

बी.एड. झालेली मुलं-मुली मला अजून विचारतात, "सर, बाहेर इंग्रजी शिकवायला जाऊ का?" मी म्हणतो, जरूर जा. करार सहीच्या आधी वाचा. तास किती, सुट्टी किती, परतीचं तिकीट कुणाचं, हे कागदावर घ्या. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. उच्चार समजेल इतका स्पष्ट करा, गोऱ्यासारखा करायच्या मागे लागू नका. आयईएलटीएसच्या परीक्षेतही बोललेलं समजतं का हे बघतात, कुणासारखं बोलता हे बघत नाहीत. आणि कुणी लंडन सांगायला लावलं, तर आपल्या गावाचं नाव सांगा. वर्गात कुणीतरी नक्की असतं, ज्याला तेच ऐकायचं असतं.

राहता राहिले चहाच्या वेळचे पाहुणे. गेल्या महिन्यात एक साहेब आले, तास बघितला आणि तेच म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो, सर."

मी म्हटलं, "तुमचंही छान आहे, साहेब. कुठं शिकलात?"

क्षणभर ते गोंधळले. मग आम्ही दोघंही हसलो आणि चहा प्यायलो.