बेंगळुरूची हवा आणि पिंपात मुरलेली व्हिस्की

बेंगळुरूला फिरायला येणारी आपली मंडळी ठरलेल्या वाटेनं जातात. लालबाग, कब्बन पार्क, एमटीआरची रवा इडली, संध्याकाळी व्हीव्ही पुरमची खाऊगल्ली आणि परतताना म्हैसूर सिल्कची एखादी साडी. मी इथे कामाला आले तेव्हा मलाही सगळ्यांनी हीच यादी दिली होती. या शहराची एक ओळख मात्र त्या यादीत कधीच नसते, कारण घरातल्या मोठ्यांसमोर ती सांगायला जरा अवघड वाटतं. ती ओळख म्हणजे व्हिस्की.

थांबा, लगेच पान पुढे सरकवू नका! हा लेख 'प्या' असं सांगायला लिहिलेला नाही. हवा, लाकूड, धान्य आणि एका मराठी आडनावाच्या कुटुंबाची ही गोष्ट आहे. ज्यांनी आयुष्यात थेंबही घेतला नाही त्यांनाही ती आवडेल, अशी माझी खात्री आहे.

मराठी आडनावं या शहराला नवी नाहीत. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेनं बेंगळुरू जिंकलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. आपल्या सगळ्यांचा लाडका रजनीकांतही इथलाच, जन्मनाव शिवाजीराव गायकवाड. आणि 1948 मध्ये जे. एन. राधाकृष्ण राव जगदाळे यांनी याच शहरात अमृत डिस्टिलरीज सुरू केली. कारखान्याला 'अमृत' हे नाव! समुद्रमंथनातून अमृत निघालं तशी वारुणीही निघाली होती, हे आजीनं सांगितलेल्या गोष्टीतून मला आठवतं. ती बाहेर आली की आजी पटकन पुढच्या रत्नावर जायची, ते वेगळं.

मोड आलेले जव

आधी स्कॉच म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कुठल्याही महागड्या व्हिस्कीला सरसकट स्कॉच म्हणतात. कायद्यानं मात्र स्कॉच फक्त स्कॉटलंडमध्येच बनते. तिथेच ओकच्या लाकडी पिंपात ती किमान तीन वर्षं मुरावी लागते आणि बाटलीत तिच्यात निदान 40 टक्के अल्कोहोल असावं लागतं. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आलेल्या जवापासून केलेली. अनेक ठिकाणची मॉल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की एकत्र केली की ती ब्लेंडेड.

कृती ऐकली तर आपल्या स्वयंपाकघराची आठवण येते. जव भिजवायचे, मटकीसारखे मोड आणायचे, मग वाळवून दळायचे. गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा, यीस्ट घालून आंबवायचं आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांत उकळून वाफ थंड करायची. हातात येतं ते पाण्यासारखं पांढरं असतं. मोड वाळवताना खाली पीट जाळलं तर त्याचा धूर जवात बसतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर. धुरकट स्कॉच असते ती अशी.

रंग आणि बरीचशी चव येते ती पिंपातून. अमेरिकेत बर्बनसाठी दर वेळी नवं, आतून जाळलेलं पिंप लागतं, तसा तिथला नियमच आहे. एकदा वापरलेली पिंपं मग स्वस्तात विकली जातात आणि जहाजानं स्कॉटलंडला जातात, बेंगळुरूलाही येतात. एका देशाची वापरलेली भांडी दुसऱ्या देशाच्या व्हिस्कीला रंग देतात.

आता इथल्या हवेचा मुद्दा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण 900 मीटर उंचीवर आहे. मुंबईकराला इथली हवा थंडगार वाटते, पण स्कॉटलंडच्या मानानं ही भट्टीच. लोणचं उन्हात लवकर मुरतं, तशी इथे व्हिस्कीही लवकर मुरते. आणि तितक्याच वेगानं उडूनही जाते. पिंपाच्या लाकडातून दर वर्षी जी व्हिस्की हवेत उडते तिला जगभर 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला सुमारे 2 टक्के, तर बेंगळुरूत 10 ते 12 टक्के.

मी मोबाइलवर हिशोब करून पाहिला. 200 लिटरच्या पिंपातून 2 टक्क्यांनी बारा वर्षांनंतर 157 लिटरच्या आसपास उरतात. 11 टक्क्यांनी उरतात जेमतेम 49. म्हणून इथली व्हिस्की चार-पाच वर्षांतच बाटलीत भरतात आणि लेबलवर मिरवायला '12' किंवा '18' आकडा नसतो. 2013 मध्ये अमृतनं आठ वर्षं मुरलेली व्हिस्की काढली तेव्हा तिचं नावच 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरे देवदूत, असं ठेवलं. दर वर्षी पिंप रिकामं होताना पाहणाऱ्यालाच असं नाव सुचू शकतं.

आधी ग्लासगो, मग बेंगळुरू

आपल्या देशात 'व्हिस्की' म्हणून विकलं जाणारं बहुतेक पेय उसाच्या मळीपासून केलेल्या मद्यार्कावर उभं असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणायलाच परवानगी नाही, कारण तिथल्या नियमाप्रमाणे व्हिस्की धान्याचीच हवी. त्यामुळे 'भारतीय व्हिस्की' म्हटलं की तिकडे नाकं मुरडली जायची. अशा वेळी राधाकृष्ण रावांचे चिरंजीव नीलकंठ राव जगदाळे यांनी भारतीय जवापासून अस्सल सिंगल मॉल्ट करून ती थेट स्कॉटलंडमध्येच विकायचं ठरवलं. त्यांचा मुलगा रक्षित तेव्हा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एमबीए करत होता. तिकडच्या भारतीय रेस्तराँमध्ये अशी व्हिस्की चालेल का, याचा अभ्यास त्यानंच केला. ग्लासगोच्या पबमध्ये नाव न सांगता ती चाखायला दिली तेव्हा लोकांना ती बरीच जुनी स्कॉच वाटली, असं सांगतात.

2004 मध्ये ग्लासगोला अमृत बाजारात आली. पुण्याच्या माणसानं कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा विकण्यासारखंच हे! सुरुवातीची वर्षं कठीण गेली. मग 2010 च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरे या समीक्षकानं 'अमृत फ्यूजन'ला 100 पैकी 97 गुण दिले आणि जगात तिसरा क्रमांक दिला. त्याच वर्षी ही सिंगल मॉल्ट पहिल्यांदा भारतात, म्हणजे बेंगळुरूच्या दुकानात आली. सहा वर्षं ती फक्त परदेशी मिळत होती. घरच्या मुलीचं गाणं शेजारच्यांनी वाखाणल्यावर घरच्यांना कळावं, तसंच काहीसं. नीलकंठ राव 2019 मध्ये गेले. आता कारखाना पुढची पिढी सांभाळते.

वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच बाटल्या

बेंगळुरूत व्हिस्की चाखणाऱ्यांचे गट बरेच आहेत. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, अशाच एका छोट्या गटात आहे. सात-आठ जण, महिन्यातून एक शनिवार, कुणाच्या तरी घरी. नियम कडक आहेत. प्रत्येक व्हिस्की फक्त दहा मिलिलिटर. पाच मिळूनही एक लार्ज पेग होत नाही. कुणी गाडी चालवत यायचं नाही, अत्तर लावायचं नाही आणि चाखून होईपर्यंत चिवड्याला हात लावायचा नाही. शेवटचा नियम सगळ्यात जड जातो.

त्या संध्याकाळी दादाच्या घरी पाच बाटल्या 'प्रजावाणी'च्या पानांत गुंडाळून ठेवल्या होत्या आणि त्यांवर फक्त आकडे होते. ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते, म्हणजे वास एकवटतो. नाक आत खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून हळू वास घ्यायचा. मग छोटा घोट, तो जिभेवर फिरवायचा आणि त्यानंतर दोन थेंब पाणी घालून पुन्हा एकदा.

पहिल्या ग्लासात हिरव्या सफरचंदाचा आणि नासपतीचा वास होता, हलका आणि सोज्वळ. दुसऱ्यात ग्लास टेबलावर असतानाच खोलीभर धूर. मला गावाकडच्या पाणी तापवायच्या बंबाची आठवण झाली, त्यात थोडं आयोडीन मिसळलेलं. तिसरी गोल, गुळगुळीत, कुणालाही न दुखावणारी. चौथीनं घशाला चटका दिला. पाणी घातल्यावर मात्र तिच्यातून संत्र्याच्या सालीचा आणि काकवीचा वास वर आला, शेवटी अगदी पुसट धूर. पाचवी मधासारखी, भाजलेल्या काजूंच्या वळणाची.

वरच्या मजल्यावरचे अंकल निवृत्त इंजिनीअर आहेत. स्कॉचशिवाय काही घेत नाहीत आणि ब्लेंडेडला हसतात. "इंडियन मला एका वासात कळते," असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. त्यांनी सगळ्यात जास्त गुण तिसरीला दिले.

वहिनीचं मात्र वेगळंच होतं. तिचं माहेर सांगलीकडचं, साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं. तिच्या एका काकांचं घर दारूपायी मोडलं. शेत गेलं, मग काकाही गेले. लग्नानंतर तिनं दादाला एकच अट घातली होती: बाटली घरात दिसता कामा नये. ही दहा मिलिलिटरची बैठक तिनं कशी चालू दिली, ते मी विचारलं. ती म्हणाली, "अगं, काका लपूनछपून प्यायचे. इथे सगळे दिव्याखाली बसून मोजून घेतात, तोंडाऐवजी नाकानंच जास्त घेतात. तरी उरलेल्या बाटल्या त्याच रात्री दुसऱ्याच्या घरी जातात, ते मीच बघते."

ती पीत नाही. पण त्या दिवशी तिनं पाचही ग्लासांचा नुसता वास घेतला आणि कागदावर लिहिलं. "दुसरी आणि चौथी, दोन्हींत एकच धूर आहे. एकीत बंब पेटवलाय, दुसरीत शेजारच्या घरचा बंब पेटलाय."

कागद उलगडले. पहिली ग्लेनफिडिक 12, स्पेसाइडची. दुसरी आयला बेटावरची लागावुलिन 16. तिसरी जॉनी वॉकर ब्लॅक लेबल, म्हणजे ब्लेंडेड! पाचवी गोव्यात बनलेली पॉल जॉन. आणि चौथी अमृत फ्यूजन. फ्यूजनमध्ये तीन भाग भारतीय जव असतात आणि एक भाग स्कॉटलंडहून आणलेला, पीटच्या धुरात वाळवलेला जव. म्हणजे वहिनीचा 'शेजारच्या घरचा बंब' अगदी बरोबर होता. अंकल थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी गुण तुम्हीच द्या." चिवड्याचं ताट त्याच वेळी आलं म्हणून विषय बदलला.

माझं स्वतःचं मत सांगते. गुणांच्या बेरजेत लागावुलिन पहिली आली आणि ते पटण्यासारखंच होतं, तिची खोली वेगळीच आहे. फ्यूजन दुसरी आली. पण ही स्पर्धा पुरती न्याय्य नव्हती. फ्यूजनमध्ये अल्कोहोल 50 टक्के असतं, बाकीच्यांत त्याहून कमी. त्यामुळे पहिल्या घोटाला ती उद्धट वाटते आणि बरेच जण तिथेच गुण कापतात. पाणी घालून धीर धरणाऱ्यांनी तिला भरभरून दिलं. पाच वर्षांच्या आतल्या व्हिस्कीनं सोळा वर्षांच्या व्हिस्कीशेजारी बसून मान खाली घातली नाही, एवढं तरी त्या कागदांवर लिहिलेलं होतं. बाटलीवरच्या वर्षांच्या आकड्याचे पैसे मोजणाऱ्यांनी एकदा तरी वर्तमानपत्र गुंडाळून पाहावं.

दराचा आणि परवान्याचा भाग

2024 मध्ये स्कॉचच्या 19 कोटींहून जास्त बाटल्या भारतात आल्या. संख्येनं पाहिलं तर स्कॉचची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ आपलीच आहे. आजवर स्कॉचवर 150 टक्के आयात शुल्क होतं. जुलै 2025 मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या करारात ते आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं. स्कॉच स्वस्त झाली तर अमृत आणि पॉल जॉनसारख्यांना घरातच जोरदार टक्कर मिळेल. दादाच्या गटात यावर दोन तट आहेत. मला वाटतं, खरी अडचण इथल्या साध्या, मळीच्या व्हिस्कीची होईल. सिंगल मॉल्ट घेणारा माणूस चव शोधत येतो, तो फक्त दरामुळे पळून जायचा नाही.

अमृतची डिस्टिलरी शहराच्या नैऋत्येला, म्हैसूर रस्त्यावर कुंबळगोडूजवळ कंबीपुरा इथे आहे. जांभळी मेट्रो आता त्याच बाजूला चल्लघट्टापर्यंत जाते. आत जायचं असेल तर आधी विचारून घ्या, नुसतं फाटकाशी जाऊन उभं राहू नका.

महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्यामुळे दारू पिण्यासाठी एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण हवं. परराज्यातून बाटली आणण्यावरही निर्बंध आहेत, तेव्हा रात्रीच्या बसमध्ये पिशवीत लपवून नेण्याचं धाडस नको. परदेशातून विमानानं येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मुभा असते आणि बेंगळुरू विमानतळाच्या ड्युटी फ्री दुकानात स्कॉचच्या शेजारीच या देशी मॉल्ट मांडलेल्या दिसतात. वहिनीसारखं न पिणारं कुणी बरोबर असेल तर घरून म्हैसूर पाक घ्यायला सांगून आले असतील, तो विमानतळावर महाग पडतो. शहरातूनच घ्या.