बारा फोटोंचा रोल आणि येलदरीचं ऊन

आगफा क्लिक-थ्री म्हणजे काळी प्लास्टिकची पेटी, समोर एकच साधं भिंग आणि पाठीला लाल काचेची इवलीशी खिडकी. एके काळी बडोद्याला बनणारा हा कॅमेरा आमच्या घरातली बारशी-लग्नं उरकून कपाटात जाऊन बसला होता. शेजारी हॉट शॉटही होता, पण त्याचा ११० चा रोल आता सहजी मिळत नाही. क्लिक-थ्रीला लागतो १२० चा. कोडॅकने १९०१ साली काढलेला हा रोल आजही बनतो आणि कुरिअरने जिंतूरपर्यंत येतो. जुना स्वस्तातला कॅमेरा घेणाऱ्याने आधी एवढंच बघावं, की त्याचा रोल मिळतो का. बाकीचं नंतर.

यात ठरवण्यासारखं फारसं नसतं. ऊन आणि ढग अशी दोन चिन्हं, शटरचा वेग एकच, तोही सेकंदाच्या तिसाव्या ते पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे संथ. माणूस दहा फुटांच्या आत आला की धूसर होतो. मग फोटो काढणाऱ्याच्या हातात उरतं काय? उजेड. आणि उजेडाची येलदरीला ददात नाही. १९६८ साली पूर्ण झालेलं पूर्णेवरचं धरण, मागे पसरलेलं पाणी, भोवतीचा उघडा माळ, यांवर एप्रिलचं ऊन पडलं की डोळे मिटतात. अशा उन्हात मी १०० चीच फिल्म घालतो. हिशेबाने पाहिलं तर हा कॅमेरा तिला हवा त्याच्या तिपटी-चौपटीने उजेड देतो. पण निगेटिव्हला जास्तीचा उजेड सोसतो, कमी सोसत नाही. जास्त झाला तर आभाळ पांढरंफटक होतं, तरी टोपीखालचा चेहरा राहतो. कमी पडला तर त्या चेहऱ्याच्या जागी नुसती कोरी फिल्म. हे एकदा पटलं की निम्मी फोटोग्राफी आली, असं मी मनापासून मानतो.

धरणाच्या भिंतीवर, वीजगृहापाशी विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. म्हणून मी सकाळी काठाकाठाने हिंडतो. भोई जाळी वाळवत असतात. त्यांच्यातल्या एका वयस्कर मामांनी कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"किती निघतेत यात?"

"बाराच, मामा."

"बाराच? मोबाइलमधी तर मोजदाद नाही."

क्षणभर विचार करून म्हणाले, "मग थांब जरा, जाळं नीट धरतो." त्यांनी जाळं झटकलं, उन्हाकडे तोंड केलं, श्वास रोखून उभे राहिले. मोबाइलसमोर कुणी असं उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. एका रोलला पाचशेच्या वर पडतात, हे खरं. पण त्या पैशात समोरच्याचा असा सहभाग मिळतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

या कॅमेऱ्यात शटर आणि रोल गुंडाळणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत आपणच चकती फिरवायची. न फिरवता पुन्हा खटका दाबला, तर एकाच चौकोनात दोन फोटो बसतात. मी मुद्दाम तसं केलं: आधी मामांचं जाळं, मग सेनगावच्या रस्त्यावरच्या पुलावरून दिसणारे धरणाचे दरवाजे. जाळ्याच्या घरांतून दहाही दरवाजे दिसतात, असा तो फोटो आहे.

रोल मी घरीच धुतो. फिल्म टाकीत चढवताना लाल दिवासुद्धा चालत नाही. रात्री खोली बंद करून, वर गोधडी पांघरून, बोटांनी चाचपत कागदापासून फिल्म सुटी करायची. खरी अडचण गरमीची. डी-७६ हा डेव्हलपर २० अंशांना बेताचा चालतो आणि आमच्या नळाचं पाणी तिशीच्या पुढे. माठातलं पाणी घेतलं की पारा चोविशी-पंचविशीवर येतो. तेवढ्यानेही धुण्याचा वेळ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो, आणि तो पाच मिनिटांच्या खाली गेला की निगेटिव्हवर डाग-पट्टे पडतात. म्हणून डेव्हलपरमध्ये त्याच्याइतकंच पाणी घालायचं. पातळ केला की तो सावकाश काम करतो. मग हायपो, मग भरपूर पाणी. दोरीवर चिमट्याने अडकवलेल्या ओल्या निगेटिव्हमध्ये काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या सावलीची माणसं उलटी लटकलेली असतात, तरी कोण कुठलं ते ओळखू येतं.

एन्लार्जर माझ्याकडे नाही. त्यावाचून अडतही नाही, कारण १२० ची निगेटिव्ह सव्वादोन इंचांची. ब्रोमाइड पेपरवर ती थेट ठेवून, वर काच दाबून छाप काढला, की खिशात मावेल असा फोटो होतो. तसे छाप मी काठावर वाटून आलो. मामांना पावसाळ्यात दरवाजे उघडल्यावरचा फोटो हवा आहे. त्या ढगाळ उजेडाला १०० ची फिल्म कमी पडेल. ४०० चा रोल मागवला आहे.