मातीपर्यंत हात पोचला पाहिजे

पुण्यात घरगुती बागांची देखभाल करणाऱ्यांचं बहुतेक काम फोनवर चालतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रंगीत पत्रक फिरतं, त्यात जास्वंदीचा फोटो, दरांचा तक्ता आणि खाली 'संपर्कासाठी फोन करा'. ज्याला ऐकू येत नाही त्याने त्या नंबरचं काय करायचं? ज्याला दिसत नाही, त्याच्या मोबाईलमधला वाचून दाखवणारा आवाज त्या चित्रापाशी येऊन 'इमेज' एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. झाड, माती, कुंडी हे सगळं नंतरचं. ही माणसं चौकशीच्या पायरीवरच थांबतात.

कोथरूड-कर्वेनगर भागात मी अशीच एक लहान सेवा चालवते. माझ्याबरोबर मोजके माळी आहेत. अपंगत्व असलेल्या लोकांनाही आपलं काम घेता यावं असं ठरवल्यावर सगळ्यात आधी मी दरपत्रक साध्या मजकुरात लिहून काढलं. फोनऐवजी मेसेज करूनही वेळ ठरवता येईल असं केलं. बागेत काय झालंय ते फोटोने कळवायचं की बोलून, हे गिऱ्हाइकाला विचारायला लागले. पैसे द्यायला क्यूआर कोडच्या जोडीला नंबर दिला. याला खर्च शून्य आला, आणि एवढ्यानेच दार उघडलं. एका बँकेत नोकरी करणाऱ्या ताईंचा मेसेज आला : "तुमचे दर मला वाचता आले, म्हणून लिहितेय. मला दिसत नाही. गॅलरीत बाग करायची आहे."

त्यांच्या गॅलरीने मला खूप शिकवलं. आधी आम्ही काय नको ते ठरवलं. डायफेनबेकिया नको, कारण त्याच्या रसाने कातडीची आग होते. युफोर्बिया नको, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. झाडाची ओळख बोटांनी आणि नाकाने होणार असेल तर बोटांना आणि डोळ्यांना धोका असलेलं काहीच ठेवायचं नाही. मग डावीकडून उजवीकडे मरवा, पुदिना, पानओवा, कढीलिंब, शेवटी मोगरा. गवती चहाच्या पात्याला धार असते, म्हणून तो एका कोपऱ्यात, हात सहज लागणार नाही असा. मी झाडांना खुणेच्या पट्ट्या लावायच्या विचारात होते. ताई म्हणाल्या, "झाडं मला वासावर ओळखू येतात, बाटल्यांचं काहीतरी करा." तेव्हा निंबोळी तेलाच्या बाटलीला एक रबरबँड आणि पातळ केलेल्या खताच्या बाटलीला दोन, अशी सोय झाली. पाणी कधी घालायचं, हा प्रश्नही त्यांच्यासाठी अवघड नव्हता. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायचं, गार-ओलसर लागलं तर आज पाणी नाही. डोळस माणसं वरची कोरडी माती बघून पाणी ओततात आणि कुंडीतली मुळं कुजवतात.

एकदा त्यांचा आवाजी निरोप आला, "जास्वंदीची वरची पानं चिकट लागताहेत." जास्वंद त्यांनी नंतर हौसेने आणलेली. आमचा माळी आदल्याच आठवड्यात येऊन गेला होता आणि त्याला काही दिसलं नव्हतं. मी जाऊन पाहिलं, तर कोवळ्या शेंड्याच्या बेचक्यात पिठ्या ढेकणाची सुरुवात होती, कापसाच्या कणाएवढे दोन-तीन ठिपके. हा किडा रस शोषतो आणि गोड चिकट पाणी सोडतो, ते खालच्या पानांवर पडतं. पांढरा पुंजका डोळ्यात भरण्याइतका वाढायच्या आत त्यांच्या बोटांना तो कळला होता. तेव्हापासून आमचे सगळे माळी शेंड्याखालच्या पानांवरून बोट फिरवून बघतात. ही तपासणी ताईंनी आम्हाला दिली आहे, आणि तसं मी प्रत्येक नव्या माळ्याला सांगते.

माळ्यांना शिकवणं हा या सगळ्यातला मोठा भाग. आत शिरताना स्वतःचं नाव सांगायचं. कुंडी हलवली तर सांगून हलवायची. झारी, खुरपं, सिकेटर काम झाल्यावर होतं तिथेच ठेवायचं. मदत करण्याआधी विचारायचं, आणि सोबतच्या माणसाशी न बोलता ज्याची बाग आहे त्याच्याशी बोलायचं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड जातं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासमोर उभं राहून त्याच्या आईला 'यांना कुठली फुलं आवडतात?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात.

माझ्याकडच्या एका अनुभवी माळीदादांची अडचण वेगळी आणि खरी होती. "ताई, त्यांच्या हातून करून घ्यायचं म्हणजे दुप्पट वेळ जातो. तेवढ्यात माझी दोन घरं होतात." त्यांची मजुरी घरामागे होती, म्हणजे घाई करणाऱ्याला जास्त पैसे. मग मजुरी तासावर केली. अपंग गिऱ्हाइकांकडून जादा दर घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तो खर्च काही काळ माझ्या अंगावर आला. पण जे घर स्वतः बाग करायला लागतं, त्याला दर आठवड्याला माळी लागत नाही. पंधरवड्यातून एक फेरी पुरते, आणि माळ्याचा वेळ मोकळा होतो.

आमच्या सेवेचं काम नक्की काय, हे एका निवृत्त शिक्षक काकांमुळे मला नीट मांडता आलं. त्यांना पार्किन्सन आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले, त्यात पार्किन्सनही आलं. काकूंनी आम्हाला बोलावलं ते बाग 'सांभाळायला'. पहिल्या दिवशी दादा म्हणाले, "काका, तुम्ही आरामात बसा, आम्ही सगळं करतो." काका जरा वेळाने म्हणाले, "अरे, बसूनच तर असतो दिवसभर. मला बाग बघायची नाहीये, करायचीय."

त्यांच्यासाठी वेळ हीच पहिली सोय होती. औषधाची गोळी घेतल्यावर काही वेळाने त्यांचे हातपाय सुटतात, तो तास-दीड तास बागेचा. दादांनी आपल्या सोयीने अकराला जाऊन भागत नाही, गोळीच्या वेळेला जावं लागतं. गॅलरीच्या दारात काकांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. या आजारात दाराशी, अरुंद जागेशी असं होतं, आणि जमिनीवर आडव्या रेघा असल्या की त्या ओलांडायच्या म्हणून पाऊल उचलतं, असं त्यांच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं. आम्ही दारापासून वाफ्यापर्यंत पावलापावलाच्या अंतरावर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. काका त्यावरून चालत जातात. कुंडी घसरू नये म्हणून खाली रबरी मॅट असते. दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो ओझं, म्हणून तिच्या जागी दीड लिटरची, दोन्ही हातांनी धरता येणारी आणली. खुरप्याच्या मुठीवर सायकलच्या हँडलचं जाड रबर चढवलं. राजगिऱ्याचं बी चिमटीत धरणं त्यांना जमत नाही. ते कोरड्या वाळूत मिसळून मिठाच्या डबीत भरलं. डबी उपडी धरली की हाताच्या थरथरीने बी वाफाभर सारखं पडतं. उगवून आल्यावर काकूंनी मला मुद्दाम बोलावून ते रोप दाखवलं. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. माझ्या हातूनही इतकं एकसारखं पडत नाही.

चाकाच्या खुर्चीतून बाग करणाऱ्या एका तरुणाकडे मात्र मोजमापाची खरी कसोटी लागली. अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आहे. खुर्ची वाफ्याच्या खाली शिरायची तर गुडघ्यांसाठी साधारण सत्तर सेंटिमीटर मोकळी जागा हवी. वाफ्याची वरची कड ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर गेली की खांदे उचलून काम करावं लागतं आणि पंधरा मिनिटांत माणूस दमतो. मधे मातीसाठी उरतात जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर. एवढ्यात मेथी, कोथिंबीर, पालक, चुका छान येतात. टोमॅटो-वांग्याला हे पुरत नाही. त्याला टोमॅटोच हवे होते. मग खोल पिशव्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, हात खाली सोडला की पोचेल अशा ठेवल्या, आणि वेली दोरीने वर घेतल्या. वाफ्याची रुंदी पन्नास सेंटिमीटर, कारण बसून हात त्यापलीकडे पोचत नाही. माती नेहमीची भरली असती तर स्टँडला आणि गॅलरीला भार झाला असता, म्हणून कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त, माती कमी.

स्टँड लोखंडी अँगलचं केलं तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "ताई, कडेला काहीतरी गुंडाळा. उन्हात तापलं आणि मांडीला लागलं तर मला कळणार नाही. फोड आल्यावरच समजेल." अशी जखम लवकर भरत नाही. आम्ही सगळ्या कडांना जाड फोम लावला. पाण्याच्या पाइपचंही तसंच आहे, मे महिन्यात आधी त्यातलं तापलेलं पाणी बाहेर सोडून द्यायचं, मग पाइप त्याच्या हातात. या गोष्टी कुठल्याच नर्सरीत कोणी सांगत नाही. नर्सरीत तर त्याला जाताही येत नाही. उरुळी कांचनला काय किंवा शहरात काय, रोपांच्या रांगांमधून एक माणूस कसाबसा तिरका होऊन जातो. म्हणून आम्ही रोपं टेम्पोत घालून त्याच्या दाराशी नेतो आणि तो हाताळून निवडतो. रोप निवडण्याचा आनंद माळ्याने परस्पर उरकून टाकायचा नसतो.

त्याची गॅलरी आता भरली आहे. त्याला सोसायटीच्या बागेत काम करायचंय, जिथे इतर रहिवासी रविवारी जमतात. फाटकाशी दोन पायऱ्या आहेत, मिळून तीस सेंटिमीटर. उताराचं प्रमाण एकास बारा धरलं तर तीन मीटर साठ सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागेल. भिंतीलगत तेवढी जागा आहे, आज तिथे दोन स्कूटर लावतात. कमिटीतल्या एकाने विचारलं, "एका माणसासाठी एवढं करायचं?" मला हा प्रश्न मुळातूनच पटत नाही. तो एकच दिसतो कारण बाकीचे पायरीपाशी येऊन परत जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वॉकर घेऊन फाटकापर्यंतच येतात. बाबागाडीवाल्या आया बाहेरच्या बाकावर बसतात. आमचे दादा खताची पोती त्या पायऱ्यांवरून उचलूनच आत नेतात.

येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. रॅम्पचा आराखडा, गवंड्याचा अंदाजपत्रकाचा कागद आणि स्कूटरसाठी मागच्या बाजूला आखलेली दुसरी जागा, एवढं मी तयार ठेवलं आहे. बोलणार मात्र तो आहे. त्याने कोणता वाफा मागायचा हेही ठरवलं आहे. सकाळचं ऊन मिळतं तो पूर्वेकडचा, कारण दुपारचं ऊन त्याला सोसत नाही.