पायांतील कडें

फाल्गुन सरत आला कीं मुलांना घेऊन नांदूर-मधमेश्वरास जाण्याचा माझा परिपाठ आहे. निफाड तालुक्यांत गोदावरी-कादवेच्या संगमाशीं बंधारा घातला, गाळ सांचला, पाणवेली माजल्या, आणि पक्ष्यांना आयतें माहेर लाभलें. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें. २०२० सालीं पाणथळ जागांच्या रामसर यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव याच जागेचें जाहीर झालें. हिवाळ्यांत चक्रवाक व तलवार बदकें यांची एवढी दाटी असते कीं मुलें मोजतां मोजतां थकतात. चैत्रांत मात्र पाणी ओकेंबोकें दिसूं लागतें.

“सर, ते गेले कोठें?”

या प्रश्नावर थोर माणसेंहि चकलीं आहेत. थंडींत कांहीं पक्षी रूप पालटून दुसऱ्याच जातीचे होतात, असें ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविलें. १८२२ सालीं जर्मनींत एक करकोचा मानेंत आफ्रिकेंतील बाण घेऊन परतला, तेव्हां त्याच्या प्रवासाची साक्ष मिळाली. बिचाऱ्यास ती फार महाग पडली. पुढें १८९९ सालीं डेन्मार्कांत व्हिबोर्ग येथें मॉर्टेन्सन यांनीं मैनेच्या कुळांतील पक्ष्यांच्या पायांत अंक कोरलेलीं ॲल्युमिनियमचीं हलकीं कडीं घातलीं. हे गृहस्थ शाळामास्तर होते, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. वाचकांनीं तेवढा चालवून घ्यावा.

आपल्याकडे १९५९ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखालीं हें कार्य मोठ्या प्रमाणावर चालविलें. पक्ष्यांबरोबर रोगहि देशोदेशीं जातात काय, हें पाहणें हा त्यांतील एक हेतु होता. बारीक जाळ्यांत अडकलेला पक्षी हलकेच सोडवून कापडी पिशवींत ठेवितात, त्याचें वजन व पंखाची लांबी घेतात, कडें चढवितात आणि त्यास मोकळा सोडतात.

कड्यावर अंकाखेरीज मजकूर एवढाच, कीं मुंबईच्या सोसायटीस कळवा. मला हें फार विलक्षण वाटतें. हें पत्र सैबेरियांतील कोळ्याच्या हातीं पडेल कीं कझाकस्तानांतील मेंढपाळाच्या, हें पाठविणाऱ्यास ठाऊक नसतें. उत्तरें फारच थोडीं येतात, आणि त्यांतलीं कित्येक पक्षी मेल्यावर किंवा मारला गेल्यावर. पण अनोळखी माणसांनीं कळविलेल्या त्या मोजक्या वार्तांवरूनच आपलीं बदकें उन्हाळ्यांत मध्य आशिया व सैबेरिया गांठतात, हें ठरलें.

विद्यार्थिमित्रांनो, असें कडें कधीं दिसलें तर जिवंत पक्ष्याच्या पायांतून तें काढूं नका. अंक, ठिकाण व तारीख तेवढी टिपून घ्या आणि मुंबईस पत्र टाका.